मराठी मुलगी, फ्रेस्नोचं क्लिनिक आणि "पण तू तर लॅटिनो नाहीस"

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. धागा काढायची पहिलीच वेळ, आत्तापर्यंत इथे फक्त आमटीभाजीच्या पाककृती शोधायला यायचे, त्यामुळे चुकीच्या विभागात पडला असेल तर अॅडमिननी हलवावा. आणि लांबलाय जरा, आधीच सांगते.

मी फ्रेस्नोला असते, कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात. मूळचे आम्ही बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडचे, मी शाळेत असताना बाबांच्या नोकरीमुळे इकडे आलो. आता फ्रेस्नो स्टेटला बायोलॉजी करतेय, प्री-मेड, म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी. पुढच्या उन्हाळ्यात मेडिकल स्कूलचे अर्ज भरायचेत आणि मी त्या पर्सनल स्टेटमेंटपाशी येऊन अडकलेय. ५३०० कॅरॅक्टर्समध्ये सांगायचं की तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय. माझं उत्तर मला माहितीये, मला इथेच लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि तिकडच्या देशांतून आलेल्यांच्या वस्तीत, शेतमजुरांच्यात फॅमिली मेडिसिन करायचंय. पण ते लिहून काढलं की कुणाचं तरी ऐकून लिहिल्यासारखं वाटतं.

कॉलेजात एका वर्कशॉपला आम्ही एकमेकांचे ड्राफ्ट वाचले. एक मुलगी, मेक्सिकन, आईवडील दोघांनी द्राक्षाच्या मळ्यात आयुष्य काढलेलं, तिने मला सरळ विचारलं की पण तू तर लॅटिनो नाहीस, मग आमच्याबद्दल का लिहितेस? खवचटपणे नाही हं, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. मला धड काही सांगता आलं नाही. घरी बाबांचं वेगळंच, "कार्डिओलॉजी नको, अॅनेस्थेशिया नको, एवढी हुशार पोरगी आणि जाऊन बसणार कुठे, तर मेंडोटाच्या क्लिनिकात." मेंडोटा म्हणजे इथलंच शेतमजुरांचं छोटं गाव.

तर खरं कारण सांगते. मी इथल्या एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये स्क्राइब आहे, म्हणजे डॉक्टर पेशंटशी बोलतात आणि मी कोपऱ्यात बसून कॉम्प्युटरवर नोट लिहिते. स्पॅनिश शाळेत घेतलं होतं आणि बाकीचं तिथे बसून बसून आलं. गेल्या सीझनला एक काका आले होते, पन्नाशीचे असतील, बेदाण्याच्या मळ्यात काम करणारे, ए-वन-सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ११ च्या वर. बेदाण्याचा सीझन म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, द्राक्षाचे घड कापून दोन ओळींच्या मध्ये जमिनीवर कागदाचे ट्रे पसरून त्यावर वाळत घालायचे, आणि पैसे दर ट्रेमागे. डॉक्टरांनी विचारलं गोळ्या घेताय ना, ते म्हणाले हो हो. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. मग डॉक्टरांनी, त्या स्वतः एल साल्वादोर देशातल्या आहेत, भलतंच विचारलं, "तुमच्या ओळीपासून संडास किती लांब आहे?" काका हसायलाच लागले. मग सांगितलं की मेटफॉर्मिन, ती साखरेची गोळी, घेतली की पोट सुटतं, संडास पार बांधाच्या टोकाला, तिथपर्यंत जाऊन यायचं म्हणजे तेवढे ट्रे गेले, वर मायोर्दोमो म्हणजे तो टोळीचा मुकादम, तो बघत असतो कोण किती वेळा उठतंय. म्हणून सीझनपुरती गोळी बंद. ब्लड प्रेशरची लघवीची गोळी पण बंद, त्याच कारणाने. द्राक्षं संपली की पुन्हा चालू करतो म्हणाले, अगदी समजुतीच्या सुरात, जणू डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं.

डॉक्टरांनी गोळी बदलून हळूहळू विरघळणारी दिली, रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या म्हणाल्या, आणि पुढचा पेशंट. माझ्या डोक्यात मात्र आपला खाडा आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला टोळ्या जातात, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा लागतो, पैसे कापतात. बायकांनी त्या खाड्याच्या भीतीने पाळीच नको म्हणून गर्भाशयं काढून टाकली. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली आणि त्यातल्या १३ हजारांपेक्षा जास्त जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. मी तेव्हा ते बातम्यांमध्ये वाचलं आणि आजीला फोनवर विचारलं, तर आजी म्हणाली, "त्यात काय नवीन."

आणि आता अवघड गोष्ट. माझे आजोबा, आईचे वडील, मुकादम होते. मी तोडणाऱ्यांच्या घरातली नाहीये, खाडा लावणाऱ्यांच्या घरातली आहे. तर हे सगळं लिहू का? की लॅटिनो लोकांबद्दलच्या निबंधात बीड घुसवलं असं वाटेल? आणि बाबांना काय सांगू?

डॉ_खटपट

द्राक्षवेल, मी टेक्सासच्या पार खालच्या टोकाला मॅकॅलनजवळ फॅमिली मेडिसिन करतो, कित्येक वर्षं झाली. आमच्या काउंटीत शंभरातले नव्वदच्या वर लोक लॅटिनो. आणि माझं मोटिव्हेशन विचारशील तर व्हिसा. हसू नकोस. औरंगाबादला एमबीबीएस केलं, इकडे जे-वन ह्या एक्स्चेंज व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं प्रशिक्षण, आणि नियम असा की संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परत जा, नाहीतर डॉक्टरांचा तुटवडा आहे तिथे तीन वर्षं नोकरी कर. ही कॉनराड वेव्हरची, म्हणजे परत न जाण्याच्या सवलतीची सोय १९९४ पासून आहे, आता दर राज्याला वर्षाला ३० जागा. म्हणजे बघ, सीमेवरच्या, शेतीच्या, खाणीच्या भागात अमेरिकन पोरं जात नाहीत म्हणून तिथल्या गोरगरिबांना कोण डॉक्टर मिळतो तर कुणी विजयवाड्याचा, कुणी लाहोरचा, कुणी औरंगाबादचा. आम्हाला कुणीच विचारलं नाही की तू लॅटिनो नाहीस मग इथे का. पेशंटनी तर कधीच नाही. पेशंट विचारतात की तुम्ही पण निघून जाणार का. कारण आधीचे तीन तीन वर्षं करून गेलेले त्यांनी बघितलेत.

मी राहिलो त्यात फार थोर काही नाही. पोरं शाळेत रमली, घर झालं, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ह्यूस्टनला जायचं ठरत असताना लक्षात आलं की माझ्या यादीतल्या पेशंटचे पाय, डोळे, किडन्या मला तोंडपाठ आहेत आणि नवीन आलेल्याला ते समजून घ्यायला दोन वर्षं लागतील, तेवढ्यात एखाद्याचा पाय जाईल. डायबेटिसमध्ये असंच असतं, सगळं नुकसान हळूहळू आणि कुणाचं लक्ष नसताना होतं.

आता तुझ्या स्टेटमेंटबद्दल. मी इथे रेसिडेन्सीच्या मुलाखती घेतो, मेडिकल स्कूलच्या नाही, पण अर्ज वाचून वाचून डोळे पिकलेत. "मला सेवा करायचीये" ह्या वाक्यावर कुणाची नजर थांबत नाही. संडास किती लांब आहे ह्या प्रश्नावर थांबेल. पण एक लक्षात घे, त्या गोष्टीत हुशारी तुझ्या डॉक्टरबाईंची आहे, तू खुर्चीत बसून टाईप करत होतीस. वाचणारा लगेच विचारणार, मग पुढे तू काय केलंस? काही केलं असशील तर ते लिही. नसशील तर अर्जाला अजून वेळ आहे, आत्ता कर.

आणि "लॅटिनो" म्हणून सरसकट लिहू नकोस. पोर्तो रिकोच्या पोरांमध्ये दम्याचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आहे, मेक्सिकन वंशाच्यांत डायबेटिस आणि फॅटी लिव्हर, त्या लिव्हरमागे पीएनपीएलए-थ्री नावाच्या जीनचा पण हात आहे. माझ्याकडचे पेशंट पूल ओलांडून नुएवो प्रोग्रेसोला जातात, तिथे दात आणि औषधं दोन्ही स्वस्त, आणि येताना कुठलं तरी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन येतात की गुडघा थांबतो पण साखर चारशे. तुझ्याकडे ते नाही, तुझ्याकडे व्हॅली फीव्हर आहे, मातीतल्या बुरशीचा न्यूमोनिया, जो बाहेरून आलेल्या डॉक्टरला पटकन सुचत नाही. तुझ्या खोऱ्याचं लिही.

रोखठोक_राणी

मला मूळ मुद्दाच पटला नाही, स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. आनंदीबाई जोशींनी १८८३ साली अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून पत्र लिहिलं त्यात कारण एकदम स्वच्छ होतं, आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात म्हणून मला शिकायचंय. १८८६ ला डॉक्टर झाल्या, कोल्हापूरला नेमणूक झाली, काम सुरू करायच्या आतच गेल्या बिचाऱ्या, पण निघाल्या होत्या परत. तुला खाडा आठवतो, गर्भाशयं आठवतात, तर मग बीडला ये ना. आष्टीच्या ग्रामीण रुग्णालयात बघ काय अवस्था आहे ते. कॅलिफोर्नियात बसून बीडच्या बायकांच्या दुःखावर मेडिकलची सीट मिळवायची हे मला जरा खटकतं.

द्राक्षवेल

@रोखठोक_राणी ताई, राग नाही आला पण लागलं. खटकण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, मलाही तेच खटकतंय म्हणून तर विचारायला आले. पण मी बीडला फार तर सुट्टीत पाहुणी म्हणून येते. तिथल्या दवाखान्यात मला कुणी ओळखत नाही, तिथला मुकादम कसा बोलतो, तोडणी कुठल्या महिन्यात संपते, दवाखान्यात गेलं की आधी कुणाला भेटावं लागतं, हे मला ऐकूनच माहीत. इथे मात्र कुठल्या पॅकिंग हाऊसला कधी सुट्टी असते, क्लिनिक गुरुवारी उशिरापर्यंत का चालू ठेवतात, धुराच्या दिवसात कुठली पोरं दम्याचा पंप घ्यायला येणार हे मला माहितीये. मी इथेच मोठी झाले. माझ्या वर्गातल्या निम्म्याच्या वर मुलांची आडनावं गार्सिया, लोपेझ, हर्नांडेझ. "आपली माणसं" म्हणजे मी नक्की कुणाला धरायचं?

@डॉ_खटपट काका, पुढे काय केलंस ह्यावर सांगते. मी डॉक्टरांना विचारून नोटच्या टेम्प्लेटमध्ये एक ओळ टाकली, सध्या कुठल्या पिकावर काम आणि पैसे तासावर की नगावर. मग लक्षात यायला लागलं की नगावर असणारे जास्त करून गोळ्या सोडतात, पाणी पण कमी पितात, लघवीला जायला लागू नये म्हणून. इन्सुलिनवाले अजून वेगळे. एका काकूंनी इन्सुलिन जेवणाच्या डब्याबरोबर आईस चेस्टमध्ये ठेवलं होतं, बर्फाला चिकटून, ते गोठून गेलं आणि त्या तेच टोचत होत्या. दुसरे एकजण ट्रकच्या डॅशबोर्डवर ठेवायचे, बाहेर १०५ फॅरेनहाइट. ह्या सगळ्याचं पुढे काय करायचं ते मला कळलं नाही, मी फक्त लिहून ठेवलंय.

डॉ_खटपट

फक्त काय फक्त. हेच लिही. पिकाची ती एक ओळ तुझी स्वतःची आहे.

मीनाक्षी_आरएन

ऑक्सनर्डहून लिहितेय, समुद्राकडची बाजू, स्ट्रॉबेरीचा मुलुख. नर्स आहे, मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात सुरुवात केली आणि आता इथे क्लिनिकमध्ये. वरची चर्चा वाचून दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिली म्हणजे बाळा, स्पॅनिश "बसून बसून आलं" असं अर्जात लिहू नकोस आणि तेवढ्यावर विसंबूनही राहू नकोस. आमच्याकडे पेशंटशी थेट स्पॅनिशमध्ये बोलायचं असेल तर आधी परीक्षा पास व्हावी लागते, डॉक्टरलासुद्धा. आणि ते बरोबरच आहे. मी नवीन होते तेव्हा आठदहा वर्षांची पोरं आईबरोबर यायची आणि आईच्या पाळीचं, गाठीचं, सगळं तीच पोरं डॉक्टरला सांगायची, एक पोरगा तर आईच्या छातीतल्या गाठीबद्दल बोलताना बुटाची नाडी बांधत आणि सोडत बसला होता, बिचाऱ्याला कळत होतं की हे काहीतरी वाईट आहे. आता कायद्याने लहान मुलांकडून दुभाषाचं काम करून घेता येत नाही, अगदी इमर्जन्सी सोडून, ओबामाकेअर ह्या आरोग्य कायद्याच्या १५५७ कलमाखाली २०१६ मध्ये नियम आला. पण नियम पाळायला माणसं लागतात ना. कैसर ह्या मोठ्या आरोग्यसंस्थेच्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या डायबेटिसच्या लॅटिनो पेशंटवरचा एक अभ्यास २०१७ ला छापून आला होता, इंग्रजी कमी येणाऱ्यांना स्पॅनिश बोलणारा डॉक्टर मिळाला की त्यांची साखर जास्त ताब्यात राहते असं निघालं. तुझ्या बाबांना हे सांग, ही भावनेची गोष्ट नाहीये, औषधासारखीच लागू पडते.

त्यातही गंमत बघ, आमच्याकडचे कितीतरी शेतमजूर मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातले आहेत, मिस्तेको ही तिथली आदिवासी भाषा बोलणारे, त्यांना स्पॅनिशच धड येत नाही. तुमच्या फ्रेस्नो, मदेराकडे पण आहेत. स्पॅनिश दुभाषी आणून बसवला की मान डोलावतात, हो म्हणतात, निघून जातात, आणि लोक म्हणतात हे पेशंट ऐकतच नाहीत. आपल्याकडे मेळघाटात कोरकू बाईला शहरी मराठीत सल्ला देतात ना, सेम.

दुसरी गोष्ट, डॉक्टरच का? हे खोचकपणे नाही विचारत, तुला मुलाखतीत विचारतीलच. आमच्याकडे प्रोमोतोरा असतात, वस्तीतल्याच बायका, आपल्या आशाताई असतात तशा, घरोघर जातात, मशीन लावून साखर बघतात, कुणाचा नवरा दारू प्यायला लागला ते पण त्यांनाच माहीत. तू जी गोठलेल्या इन्सुलिनची गोष्ट सांगितलीस ना, ती प्रोमोतोराला पहिल्या भेटीत दिसली असती, घरातलं आईस चेस्ट उघडून बघितलं असतं तिने. एक शनिवार त्यांच्याबरोबर फीर आणि मग तुझं तूच ठरव की डॉक्टरच व्हायचंय का. मला वाटतं व्हायचं असेल तुला, कारण गोळी बदलायची सही शेवटी डॉक्टरच करतो. पण ते उत्तर तुझ्याजवळ असू दे.

हिशोबी_नाना

बाबांच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून मी बोलतो. माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी एमडी झाली, न्यू जर्सी. तुझ्या बाबांना मेंडोटाचा राग नसणार, त्यांना कर्जाची भीती आहे आणि ती रास्त आहे. जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लसचं सरकारी कर्ज नव्या विद्यार्थ्यांना बंद. मेडिकलसारख्या कोर्सला सरकारकडून वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण दोन लाख, बास. त्याच्या वर लागले तर बँकेचं खाजगी कर्ज, त्याला व्याज जास्त आणि माफी नाही. आता फॅमिली मेडिसिनचा पगार आणि कार्डिओलॉजिस्टचा पगार ह्यातला फरक बाबांनी आधीच गूगल केलेला असणार, मी पण केला होता.

पण जमेची बाजू पण आहे. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोर नावाची सरकारी योजना आहे, तुटवड्याच्या भागात प्राथमिक सेवेचं काम केलं की ठरलेल्या वर्षांच्या बदल्यात कर्ज फेडतात, पहिला करार दोन वर्षांचा. स्कॉलरशिप पण आहे, त्यात शिकतानाच फी भरतात आणि नंतर तेवढी वर्षं काम करून द्यायचं. गोम अशी की नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. तुझं स्टेटस काय आहे? हे आधी बघ, एच-फोरवर, म्हणजे बाबांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर असशील तर मेडिकलच्या प्रवेशाचंच गणित वेगळं आहे, २१ पूर्ण झाले की अजून वेगळं. ह्याशिवाय ना-नफा संस्थेत दहा वर्षं नियमित हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं आणि शेतमजुरांची ती बहुतेक क्लिनिकं ना-नफाच असतात, रेसिडेन्सीची वर्षं पण त्यात धरता येतात.

एक कागद घे, डावीकडे कार्डिओलॉजी, शिक्षणाची वर्षं आणि व्याजासकट, उजवीकडे फॅमिली मेडिसिन, कर्जफेडीसकट. बाबांना तो कागद दे. निबंध त्यांना वाचायला देऊ नकोस, बाप माणसाला निबंधाने अजून काळजी वाटते.

द्राक्षवेल

नाना, ग्रीन कार्ड आलंय, गेल्या वर्षी, २१ व्हायच्या अगदी तोंडावर. त्या वर्षात घरात काय टेन्शन होतं ते विचारू नका. म्हणजे पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज, तेव्हा मी मेडिकलच्या मधल्या वर्षांत असेन, सुरुवातीला तरी स्कॉलरशिप नाही मिळणार पण रेसिडेन्सीनंतरची कर्जफेड जमेल असं दिसतंय. कागद करते.

@मीनाक्षी_आरएन मावशी, आमच्या क्लिनिकला पण प्रोमोतोरा आहेत, मी त्यांच्याशी नुसतं हाय-हॅलो करायचे. विचारते ह्या आठवड्यात.

वऱ्हाडी_ठेचा

मी डॉक्टरबिक्टर काही नाही, नागपूरला शेतीशाळेत शिकवतो. पण "तू तिथली नाहीस मग का" वाचलं आणि गप्प बसवेना. डॉ. पांडुरंग खानखोजे माहितीयेत का तुला? आमच्या वर्ध्याकडचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रज मागे लागलेले, फिरत फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले आणि तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. मक्याच्या जातींवर काम केलं, आणि नुसतं प्रयोगशाळेत नाही, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा एवढा मोठा चित्रकार, त्याने मेक्सिको सिटीच्या भित्तिचित्रात ह्यांना रंगवलंय, जेवणाच्या टेबलावर माणसांना भाकरी वाटताना. २०२२ ला चापिंगोत पुतळा पण बसवला त्यांचा. स्वातंत्र्यानंतर परत आले, नागपूरलाच गेले १९६७ ला. इकडे त्यांचं नाव दहातल्या नऊ जणांना माहीत नाही.

आता त्यांनी मेक्सिकन शेतकऱ्यासाठी काम केलं तेव्हा रोखठोकताईंच्या हिशोबाने विदर्भाचं नुकसानच झालं म्हणायचं. पण मका काय जात विचारून उगवतो काय राव.

रोखठोक_राणी

@वऱ्हाडी_ठेचा खानखोज्यांना परत येता येत नव्हतं हो, इंग्रजांनी अडवलं होतं. तुलना जमत नाही. पण ठीक आहे, "आपली माणसं म्हणजे कोण" ह्या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नाही हे कबूल. माझा आक्षेप आता एवढाच की बीडच्या बायकांना निबंधाच्या सुरुवातीला उभं करू नकोस. तो १३ हजारांचा आकडा बघून वाचणाऱ्याचं काळीज हलतं आणि तुझं काम बाजूला राहतं. आजोबांचं लिही, ते तुझं आहे.

डॉ_खटपट

राणीताईंशी इथे सहमत. आजोबा मुकादम होते हे लपवू नकोस, उलट तेच तुझ्याजवळ असं आहे जे त्या वर्कशॉपमधल्या मुलीकडे नाही आणि माझ्याकडे पण नाही. मुकादमाच्या घरात वाढलेल्याला माहीत असतं की उचल कशी देतात, कुणाच्या आजारपणाला "नाटक" म्हणतात, हिशोबाच्या वहीत खाडा कसा मांडतात. त्या काकांनी मायोर्दोमोचं नाव घेतल्यावर तुझे कान टवकारले ते त्यामुळेच. त्या बाजूची भाषा येणारा डॉक्टर उद्या मळेवाल्याशी आणि ठेकेदाराशी बोलू शकतो, संडास ओळीच्या जवळ हलवा म्हणून. कॅलिफोर्नियात त्या छोट्या दांड्याच्या खुरप्याने, एल कोर्तितो म्हणतात त्याला, दिवसभर वाकून माणसांच्या पाठी कायमच्या गेल्या, डॉक्टर लोकांनी पाठीच्या साक्षी दिल्या, आणि १९७५ ला ते हत्यार बंद झालं. लेट्यूस तरी पिकतोच आहे. उन्हाचा कायदा पण तुमच्याच राज्यात २००५ ला पहिल्यांदा आला, ८० फॅरेनहाइटच्या वर गेलं की सावली द्यायलाच पाहिजे. गोळ्या लिहून देणं हे अर्धं काम झालं.

आणि अर्ज करताना यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, प्राइम प्रोग्रॅम बघ, डॉक्टर कमी पडतात अशा वस्त्यांसाठी डॉक्टर घडवणारे. अर्व्हाइनला लॅटिनो कम्युनिटीसाठीचा प्राइम-एलसी २००४ पासून आहे, त्याला लॅटिनोच असायला पाहिजे असं नाही, पण स्पॅनिश आणि केलेलं काम दोन्ही बघतात, आणि एक वर्ष जास्त, मास्टर्सची डिग्री पण करायला लागते. तुझ्यासाठी मला जास्त बरा वाटतो तो यूसीच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेचा, यूसीएसएफचा, सॅन वाकीन व्हॅलीवाला, म्हणजे तुमच्याच खोऱ्याचा प्राइम, त्यांना खोऱ्यातलीच पोरं हवी असतात जी खोऱ्यातच राहतील. कॅलिफोर्नियात लोकसंख्येच्या ४० टक्क्यांच्या आसपास लॅटिनो आणि डॉक्टरांत सहा-सात टक्के. एवढं मोठं भगदाड आहे. वर्कशॉपमधल्या त्या मुलीची जागा तू घेत नाहीयेस, तिथे तुम्ही दोघी लागणार आहात आणि तरी पुरणार नाही. तिला हे सांगितलंस तर बरं. मैत्री करून ठेव तिच्याशी, पुढे रात्रीची ड्यूटी बदलून द्यायला कुणीतरी लागतंच.

हिशोबी_नाना

एक राहिलं. मेडी-कॅलचं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं पण लक्षात घ्या. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२४ पासून कागदपत्रं नसलेल्या सगळ्या वयाच्या लोकांना त्यात घेतलं होतं आणि जानेवारी २०२६ पासून मोठ्या माणसांची नवीन नोंदणी थांबवलीये. अशा क्लिनिकांचं अर्थकारण ह्यावरच चालतं. तुमच्या शेजारी मदेराचं मोठ्यांसाठीचं जनरल हॉस्पिटल जानेवारी २०२३ ला पैशाअभावी बंद पडलं होतं, मार्च २०२५ ला परत उघडलं, तोवर लोक फ्रेस्नोच्या इमर्जन्सीत. बाबा विचारतील की नोकरी टिकेल का, तर ह्याचं उत्तर तयार ठेव. डॉक्टरची नोकरी टिकते, क्लिनिक टिकेलच असं नाही.

द्राक्षवेल

मदेराचं हॉस्पिटल बंद होतं तेव्हा आमच्या क्लिनिकला रोज फोन यायचे, छातीत दुखतंय, कुठे जाऊ? फोन घेणाऱ्या ताई ९११ ला लावा सांगून सांगून रडकुंडीला यायच्या. तेही आहे डोक्यात.

बरं, आजचा रिपोर्ट. निबंधाची सुरुवात बदलली. बीडचा आकडा काढला, आजोबांची वही ठेवली. ती लाल कापडी बांधणीची वही मी खरंच बघितलीये, आजीने अजून ट्रंकेत ठेवलीये, नावापुढे फुल्या म्हणजे खाडे. त्याच्यानंतर थेट टेम्प्लेटमधल्या त्या ओळीवर येते. मधे "सेवा" शब्द नाही ठेवला कुठेच. बाबांना कागद दिला, त्यांनी व्याजाचा दर चुकलाय म्हणून परत दिला, म्हणजे वाचला तरी. मेंडोटावर काही बोलले नाहीत, फक्त विचारलं की तिथून घर किती मैल.

वर्कशॉपवाल्या मुलीला नवीन ड्राफ्ट पाठवलाय. तिचं म्हणणं मायोर्दोमोला मी फार वाईट दाखवलंय, तिचा मामाच मायोर्दोमो आहे. आता त्यावर बोलायला शुक्रवारी भेटतोय, तिने मामालाच विचारून ठेवते म्हणून सांगितलंय की संडासाची ट्रॉली ओळीच्या टोकाऐवजी मध्ये का लावत नाहीत.

मीनाक्षी_आरएन

मामा काय म्हणाला ते इथे नक्की टाक. आमच्याकडे ट्रॉली हलवायला ट्रॅक्टर लागतो आणि तो कुणी मोकळा ठेवत नाही, तुमच्याकडे पण तेच असेल बहुतेक. आणि स्पॅनिशच्या परीक्षेचं विसरू नकोस, एमकॅटच्या, त्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या आधी उरकून टाक, नंतर श्वास घ्यायला वेळ नाही मिळणार.